‘सुटलं’ की ‘सोडलं’? युद्धाच्या दिवसांत बातमी कशी वाचावी

८ मे २०२५ची रात्र. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावात त्या रात्री कुणी लवकर झोपलं नाही. टीव्हीवर कराची बंदर बेचिराख झाल्याचं ओरडून सांगत होते. अकराच्या सुमारास गावच्या ग्रुपवर एक आवाजी संदेश आला: जम्मूकडची एक चौकी उडवली, आपल्या भागातली पोरं तिथंच होती. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा मराठा सेंटरमधून, म्हणजे बेळगावच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रातून, कसम परेड करून बाहेर पडला, त्याला वर्षही झालं नव्हतं. काकूंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पोराचा फोन आला. तो कोर्सवर होता, सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतले होते. जम्मूच्या जवळपासही तो नव्हता.

त्या रात्री काकू मला विचारत होत्या, “बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा की काय खरं ते.” मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण मला सांगता आलं नाही. ते मनाला लागलं. तेव्हापासून मी अशा बातम्या वही घेऊन वाचते. युक्रेनचं युद्ध असो, पश्चिम आशिया असो की आपली सीमा, रीत एकच ठेवली. ज्यांचं पोरगं नुकतंच भरती झालंय, ज्यांची मुलगी शिकायला परदेशी गेली आहे, किंवा ज्यांना रोजच्या या गदारोळात नेमकं काय चाललंय ते समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सैन्यातलं ज्ञान लागत नाही. थोडं व्याकरण आणि बराच धीर लागतो.

पहिलं पाऊल: क्रियापद पकडा

मराठीत पडणं आणि पाडणं यांत एका कान्याचं अंतर आहे. सुटलं आणि सोडलं, फुटलं आणि फोडलं, मेला आणि मारला या जोड्याही तशाच. पहिल्या शब्दात फक्त घटना असते. दुसऱ्यात करणारा येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचा हेतू येतो. विमान पडलं ही दुर्घटना असू शकते. विमान पाडलं म्हटलं की शत्रू हवा, कारण हवं आणि मग बदलाही हवा. बातमी ऐकताना मी सगळ्यात आधी हे पाहते, की सांगणाऱ्याला खरोखर कर्ता माहीत आहे का, की त्यानं नुसतं सकर्मक क्रियापद वापरलंय?

९ मार्च २०२२ला भारतातून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानात गेलं आणि सीमेपासून सुमारे १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. कुणी दगावलं नाही. दोन्हीकडे अण्वस्त्रं असलेल्या देशांमध्ये घडलेली ही घटना. आता विचार करा, त्या संध्याकाळी ‘भारतानं क्षेपणास्त्र सोडलं’ असं वाक्य सगळीकडे गेलं असतं तर? दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्यानं जाहीर केलं, पण हल्ला हा शब्द न वापरता ‘वेगानं उडणारी वस्तू’ म्हटलं आणि भारताकडे खुलासा मागितला. ११ मार्चला आपल्या संरक्षण मंत्रालयानं सांगितलं की देखभालीच्या कामात तांत्रिक बिघाडामुळे ते चुकून सुटलं, आणि खेद व्यक्त केला. पुढे ऑगस्टमध्ये चौकशी पूर्ण झाली. ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याबद्दल हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. म्हणजे ‘बिघाडामुळे सुटलं’ हेही शेवटचं वाक्य नव्हतं. माणसाची चूक होती. पण सोडलं नव्हतं, सुटलंच होतं, आणि दोन्ही देशांच्या पहिल्या दोन दिवसांतल्या शब्दांनी ते वाक्य तसंच राहू दिलं.

आपल्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नारायणरावांस ‘धरावे’ या शब्दाचं ‘मारावे’ झालं आणि १७७३च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात काय झालं ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. आज ध चा मा करायला आनंदीबाई लागत नाही. घाईत भाषांतर करणारा पुरतो. इंग्रजी बातमीतलं ‘कोसळलं’ आपल्याकडे येईपर्यंत ‘पाडलं’ होतं, आणि कुणाचा तसा उद्देशही नसतो.

म्हणून पहिली सवय ही लावा: बातमी मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक सकर्मक क्रियापद अकर्मक करून पाहा. ‘ड्रोन पाडलं’च्या जागी ‘ड्रोन पडलं’. असं बदलून जे उरतं, तेवढंच सध्या माहीत आहे असं धरा.

दुसरं पाऊल: तीन रकान्यांची वही

शाळेची शंभर पानी वही चालेल. तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात कोण म्हणतंय, तिसऱ्यात मला काय वाटतंय. प्रत्येक ओळीला वेळ घाला. तिसरा रकाना पेन्सिलीनं लिहा. हे सांगायला सोपं आहे, पण गडबडीच्या रात्री हात आपोआप तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात लिहितो. म्हणून एक जुनी घटना पूर्ण भरून दाखवते. नव्यानं शिकणाऱ्यानं हीच घटना आधी स्वतः वहीत मांडावी.

तारीख १५ नोव्हेंबर २०२२. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन नऊ महिने होत आले होते. त्या दिवशी रशियानं युक्रेनवर सुमारे नव्वद-शंभर क्षेपणास्त्रं डागली. दुपारी पोलंडमध्ये, युक्रेनच्या सीमेपासून काही किलोमीटरवरच्या प्शेवोदूव नावाच्या खेड्यात स्फोट झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. धान्य वाळवण्याच्या जागी काम करणारे दोघे जण ठार झाले. पोलंड हा नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीचा, सदस्य. लगेच चर्चा सुरू झाली: रशियाचा नाटोवर हल्ला, आता तिसरं महायुद्ध.

पहिल्या रकान्यात एवढंच येतं: प्शेवोदूवमध्ये स्फोट, दोन मृत्यू. बस्स.

दुसरा रकाना मात्र भरत जातो. एका मोठ्या वृत्तसंस्थेनं नाव न घेता एका अमेरिकन गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्यानं सांगितलं की रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये शिरली. ही बातमी पुढे मागे घ्यावी लागली. युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांनी रशियाला दोष दिला. रशियानं नाकारलं आणि ही चिथावणी आहे म्हटलं. पोलंडच्या परराष्ट्र खात्यानं म्हटलं, क्षेपणास्त्र ‘रशियन बनावटीचं’ आहे.

इथं थांबा. मी वर्गात असते तर फळ्यावर हे दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहिले असते: ‘रशियन’ आणि ‘रशियन बनावटीचं’. युक्रेन हा सोव्हिएत संघाचा भाग होता. त्याच्याकडची विमानविरोधी क्षेपणास्त्रं, एस-३००, ही त्याच जुन्या कारखान्यांतली. म्हणजे ‘रशियन बनावटीचं’ हे वाक्य दोन्ही बाजूंना लागू होत होतं. ज्यानं तो शब्द निवडला, त्यानं जाणून निवडला. आणि त्या रात्री बहुतेकांनी तो वाचताना ‘बनावटीचं’ गाळून टाकला.

त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन इंडोनेशियात जी-२० परिषदेला होते. ते म्हणाले, मार्ग पाहता ते रशियातून सोडलं गेलं असणं संभवत नाही. दुसऱ्या दिवशी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष दुदा आणि नाटोचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग या दोघांनी सांगितलं की हा मुद्दाम केलेला हल्ला असल्याचं दिसत नाही. रशियन क्षेपणास्त्रं अडवायला युक्रेननंच सोडलेलं विमानविरोधी क्षेपणास्त्र तिथं पडलं असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला ज्याला सगळ्यात जास्त भडकायचं कारण होतं, त्या पोलंडनंच सबुरी धरली होती.

आणखी एक शब्द त्या रात्री फार फिरला: नाटोचं ‘कलम ५’. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर, इतकं लोकांना माहीत असतं. पण त्या कलमात प्रत्येक देशानं त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची असं आहे; आपोआप तोफा सुरू होत नाहीत. आजवर ते एकदाच लागू झालं, २००१ साली अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. पोलंड ज्याचा विचार करत होता ते होतं कलम ४, म्हणजे एकत्र बसून सल्लामसलत. तेही शेवटी मागितलं नाही. कलमाचा नंबर ऐकला की ते कलम काय म्हणतं ते वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

पेन्सिलीच्या रकान्यात मी त्या घटनेपुढे आज लिहीन: त्या रात्री जे सगळ्यांना पक्कं वाटत होतं, ते दुसऱ्या दिवशी उलटलं. त्या वेळेत कुणी ट्रिगर दाबला नाही म्हणून उलटायला वेळ मिळाला.

तिसरं पाऊल: घागरी मोजू नका, विहीर शोधा

आपल्या भागात एक सोय आहे. बहुतेक घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही वाहिन्या लागतात, कोल्हापूरचा पेपर येतो, हुबळीचाही येतो, गोव्यातली बातमी नातेवाईक सांगतात. त्यामुळे वाटतं की चार ठिकाणांहून कळलं म्हणजे खरंच. पण चौघांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर घेतला असेल तर दहा घागरींत पाणी एकाच विहिरीचं. म्हणून बातमीत ‘सूत्रांनुसार’ च्या पुढे काय आहे ते पाहा. सूत्र कुणाचं, कुठलं? त्या जागी उभा असलेला माणूस कोण? दोन वाहिन्यांतला एकही शब्द वेगळा नसेल तर ती एकच बातमी धरा.

कराचीचं असंच झालं. कराची बंदर त्या रात्री उद्ध्वस्त झालं नव्हतं. त्या संदर्भात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक होती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जानेवारी २०२५च्या अखेरीस झालेल्या विमान अपघाताची. काही तर संगणकावरच्या युद्धखेळातल्या होत्या. चित्रफीत आली की तीन गोष्टी पाहा: पाट्यांवरची लिपी, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालतात, आणि आवाज मूळचा आहे की वर चिकटवलेला. पाकिस्तानातली वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात; उजवीकडून चालताना दिसली तर ती फीत तिकडची नाही. एखादं चित्र थांबवून ते इंटरनेटवर उलट शोधता येतं, ते कॉलेजला जाणाऱ्या पोरांकडून शिकून घ्या.

आणि आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट विसरू नका. ऑपरेशन सिंदूरची, म्हणजे मे २०२५मधल्या भारताच्या पाकिस्तानवरच्या कारवाईची, माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोण्णूर. त्यांच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट देशभर फिरली. बेळगाव पोलिसांनी तसं काही घडलंच नसल्याचं जाहीर केलं, आणि त्या घराला संरक्षण द्यावं लागलं. सीमा इथून शेकडो मैलांवर असली तरी खोटी आग लावायला कुणीतरी आपलंच गाव निवडलं होतं. कोण्णूरला कुणाचा तरी पाहुणा असतोच. ज्यांनी एक फोन करून विचारलं त्यांना पाच मिनिटांत कळलं.

चौथं पाऊल: अधिकृत निवेदन उशिरा पूर्ण होतं

सरकारी निवेदनाबद्दल दोन टोकाची मतं ऐकते. एक, सरकार म्हणतं तेच खरं. दोन, सरकार लपवतंच. दोन्ही मला आळशीपणाची वाटतात. युद्धाच्या काळात सैन्य सगळं लगेच सांगणार नाही, कारण शत्रूही तेच निवेदन वाचतो. आणि कित्येकदा सैन्यालाही पहिल्या तासात पुरतं माहीत नसतं.

१६ जून २०२० आठवा. लडाखमधल्या गलवानला चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीची बातमी दुपारी आली तेव्हा लष्करानं एक अधिकारी आणि दोन जवान असे तिघे गेल्याचं म्हटलं. रात्री आकडा वीस झाला. ते खोटं बोलले नव्हते. गंभीर जखमी झालेले सतरा जण त्या उंचीवर, शून्याखालच्या थंडीत दगावले होते. चीननं आपल्या चार सैनिकांचा मृत्यू मान्य केला तो फेब्रुवारी २०२१मध्ये, आठ महिन्यांनी.

२७ फेब्रुवारी २०१९ला, बालाकोटवरच्या आपल्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरमधल्या बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई सैनिक आणि खालचा एक नागरिक गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी स्पष्ट सांगितलं की आपल्याच क्षेपणास्त्रानं ते पाडलं गेलं आणि ती मोठी चूक होती. ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली लढाऊ विमानं पडली का, यावर तीन आठवडे वाद चालला. ३१ मेला संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये नुकसान झाल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, आणि पाकिस्तानचा सहा विमानांचा दावा मात्र साफ खोडून काढला.

इराणनं जानेवारी २०२०मध्ये तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ जण गेले. तीन दिवस तांत्रिक बिघाड सांगितला, मग कबुली दिली. त्या विमानाच्या वेळेकडे लक्ष द्या. काही तास आधीच इराणनं इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं सोडली होती आणि उलट माराची वाट पाहत होता. बडगामलाही तेच: आकाशात शत्रूची विमानं होती, सगळे ताणाखाली होते. चुकीनं पडणारं विमान बहुतेक अशाच वेळी पडतं. त्यामुळे ताण टिपेला असताना एखादी भयंकर बातमी आली, तर वहीत ‘चूक असू शकते’ ही शक्यता पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नव्हे.

निवेदन वाचताना काय म्हटलंय याइतकंच काय म्हटलेलं नाही तेही लिहून ठेवा. ‘सर्व वैमानिक सुखरूप परतले’ असं म्हटलं आणि विमानांबद्दल काहीच म्हटलं नाही, तर ती गाळलेली जागा आहे. ती स्वतःच्या कल्पनेनं भरू नका. रिकामी ठेवा.

पाचवं पाऊल: भडकणार की विझणार

लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. घटना किती मोठी आहे यावरून त्याचं उत्तर मिळत नाही. वीस जवान गेले तरी युद्ध झालं नाही, गलवान त्याचं उदाहरण. मी चार गोष्टी पाहते.

पहिली, लक्ष्य कोणतं निवडलं. ७ मे २०२५च्या पहाटे भारतानं नऊ ठिकाणी मारा केला आणि निवेदनात म्हटलं की कारवाई नेमकी, मोजून-मापून आणि संघर्ष न वाढवणारी आहे. पाकिस्तानच्या लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही. हे वाक्य आपल्यासाठी कमी आणि रावळपिंडीतल्या पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयासाठी जास्त होतं. त्यातला दरवाजा उघडा होता. ८ मेला लाहोरची हवाई संरक्षण यंत्रणा निकामी केल्याचं भारतानं सांगितलं. म्हणजे लक्ष्य बदललं, दहशतवादी तळांवरून लष्करी यंत्रणेवर आलं. १० मेच्या पहाटे रावळपिंडीजवळच्या नूरखानसह हवाई तळांवर मारा झाला. हा खरा चढाव होता. टीव्हीवर मात्र ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत आवाज सारखाच मोठा होता, त्यामुळे चढाव ऐकू आलाच नाही. वहीत लक्ष्यांचा प्रकार लिहिलेल्याला तो दिसला असता.

दुसरी, बोलणं चालू आहे का. दोन्ही देशांच्या लष्करी कारवाईच्या महासंचालकांमध्ये, ज्यांना डीजीएमओ म्हणतात, थेट दूरध्वनीची जोडणी आहे. १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून थांबायचं ठरलं. त्याच रात्री पुन्हा ड्रोन आणि गोळीबाराच्या बातम्या आल्या आणि आमच्या कट्ट्यावर लोक म्हणाले, झालं, मोडली शस्त्रसंधी. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी रात्री उल्लंघन झाल्याचं सांगितलंही. पण सकाळी शांत होतं, आणि १२ मेला दोन्ही महासंचालक पुन्हा बोलले. शस्त्रसंधीची पहिली रात्र नेहमीच फाटकी असते. आदेश दिल्लीहून शेवटच्या चौकीपर्यंत पोचायला वेळ लागतो. फोन उचलला जातोय का, तेवढं पाहा.

तिसरी, खर्च करून केलेली कृती. बोलायला पैसे लागत नाहीत. विमानतळ बंद ठेवायला लागतात. मे २०२५मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १५ मेपर्यंत बंद ठेवल्याचं जाहीर झालं आणि १२ मेलाच ते उघडायला सुरुवात झाली. ती तारीख कुठल्याही चर्चासत्रापेक्षा जास्त सांगून गेली. त्या यादीत आपलं बेळगावचं सांबरा विमानतळ नव्हतं, हेही पाहण्यासारखं.

पण इथं आपल्या गावांची एक चूक होते, कारण आपल्याला एक खूण सगळ्यात आधी दिसते. पोरांच्या रजा रद्द होतात. सुट्टीवर आलेला जवान रातोरात बॅग भरून रेल्वे स्टेशनवर निघतो आणि सगळं गाव समजतं, युद्ध आलं. डिसेंबर २००१मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं तेव्हा आमच्या गावातले सगळे गेले होते. सैन्य सीमेवर जवळपास दहा महिने उभं राहिलं. युद्ध झालं नाही. रजा रद्द होणं ही तयारीची खूण आहे, निर्णयाची नव्हे.

चौथी गोष्ट, प्रश्न विचारायचा: समोरच्याला खरंच हे करायचं असतं तर असं केलं असतं का? २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत संघाचा लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा देणाऱ्या केंद्रात बसला होता. उपग्रहानं दाखवलं, अमेरिकेनं पाच क्षेपणास्त्रं सोडली. साडेतीन आठवड्यांपूर्वीच सोव्हिएत विमानानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती, जग ताणाखाली होतं. पेत्रोव्हनं विचार केला की महायुद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यानं तो इशारा खोटा असल्याचं वर कळवलं. ढगांवर चमकलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं. आपल्यापुढे बटण नाही, पण प्रश्न तोच विचारता येतो.

सहावं पाऊल: ज्यांचं माणूस तिकडे आहे त्यांनी

सबुरी म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. १५ फेब्रुवारी २०२२ला कीव्हच्या भारतीय दूतावासानं विद्यार्थ्यांना तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करायला सांगितलं. नऊ दिवसांनी, २४ तारखेला, युद्ध सुरू झालं. १ मार्चला खारकीव्हमध्ये आपल्या हावेरी जिल्ह्यातला वैद्यकीय शिक्षण घेणारा मुलगा मारला गेला. खाण्याचं सामान आणायला तो बाहेर पडला होता. त्या नऊ दिवसांत पोरांपुढे महाग तिकिटं होती, चालू असलेले वर्ग होते, काही होणार नाही असं सांगणारे शिक्षक होते. कुणाला दोष देऊन उपयोग नाही. पण दूतावासाचं असं पत्र आलं की ते ‘खर्च करून केलेल्या कृती’त धरा आणि त्याच दिवशी तिकिटाचं बघा. टीव्हीवर दहा वेळा ‘महायुद्ध’ ऐकण्यापेक्षा ते एक पत्र जड आहे. परदेशी निघतानाच मुलांची नोंद तिथल्या दूतावासात करून ठेवा.

फौजेतल्या मुलाच्या घरच्यांसाठी थोडं वेगळं. त्याच्या पल्टणीचं नाव, सेवा क्रमांक आणि एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, पूर्ण पत्ता घरात कागदावर लिहून ठेवा. फक्त फोनमध्ये नको. फोन लागत नाही याचा अर्थ वाईट आहे असं धरू नका. कारवाईच्या काळात मोबाईल जमा करणं ही नेहमीची रीत आहे. वाईट बातमी आधी घरी येते, पल्टणीकडून किंवा अधिकाऱ्यांकडून, मग जगाला कळते. ग्रुपवर नावांची यादी आली आणि घरी कुणीच आलं नाही, तर यादीवर विश्वास ठेवू नका. चौकशी करायची झाली तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा गावातल्या एखाद्या निवृत्त सुभेदारांना बरोबर घ्या. कुणाला काय विचारायचं ते त्यांना कळतं.

‘बेपत्ता’ या शब्दाशी मात्र फार जपून वागा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं काय झालं याबद्दल पुण्यात इतकी अनिश्चितता होती की पंधरा वर्षांनी त्यांच्या नावाचा तोतया उभा राहिला आणि हजारो लोक त्याच्या मागे गेले. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. बेपत्ता माणसाच्या घरी जाऊन ‘मी असं ऐकलंय’ असं एक वाक्यही बोलू नका. ना आशेचं, ना निराशेचं. पाणी भरून द्या, गुरांना वैरण घाला, फोनजवळ बसा.

सातवं पाऊल: पुढे पाठवण्याआधी

हे थोडक्यात. कॅम्पातून निघालेल्या गाड्या, रेल्वेवर चढवलेलं सामान, सांबऱ्यावरून उडालेलं विमान यांचे फोटो काढून टाकू नका. कितीही अभिमान वाटला तरी. २६ एप्रिल २०२५ला केंद्रानं वाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सांगितलं होतं. त्यात कारगिल, मुंबईवरचा हल्ला आणि कंदाहार विमान अपहरणाच्या अनुभवांची आठवण दिली होती. वाहिन्यांना जे लागू, ते आपल्या स्टेटसलाही लागू.

आणि ऐकलेला आवाजी संदेश कधीच पुढे ढकलू नका. लिहिलेल्या मजकुराला निदान कुठून आला हे शोधता येतं. आवाज रडवेला असला की आपण तपासायचं विसरतो. त्या रात्रीचा संदेश आमच्या ग्रुपवर सतरा जणांनी पुढे पाठवला होता. मी मोजले.

वहीतली पानं फाडू नका. महिन्यानं, सहा महिन्यांनी परत उघडा आणि पेन्सिलीचा रकाना तपासा. जिथं उत्तर मिळालं तिथं शाईनं लिहा. काही पानं उघडीच राहतील. २०१९च्या फेब्रुवारीत पाकिस्तानचं एफ-१६ लढाऊ विमान पडलं की नाही, यावर दोन देश आजही दोन गोष्टी सांगतात. माझ्या वहीत ८ मेच्या पानावर काकूंच्या हातची एक ओळ आहे. मुलाचा फोन येऊन गेल्यावर त्यांनीच पेन मागून घेतलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: ‘बाळू बोलला. आवाज त्याचाच.’ चौकीपुढची जागा अजून रिकामी आहे.